नार्नूरच्या वाटेवर, अकरा वर्षं कुलपात राहिलेल्या कम्प्युटरसाठी

माझ्याकडचे जुने कम्प्युटर पाहायला येणारे लोक हमखास विचारतात, "एवढे मिळाले कुठं?" मी नागपूरचा भंगारबाजार सांगतो, बंद पडलेल्या क्लासेसची नावं सांगतो, आणि विषय बदलतो. कारण ज्या एका प्रवासाबद्दल खरं म्हणजे सांगायला हवं, त्यातून मी रिकाम्या हातानं परत आलो होतो. शिवाय तो आठवला की अजून डोकं तापतं. इतकी वर्षं झाली, वाटलं होतं राग ओसरेल. नाही ओसरला. तेव्हा आता लिहूनच टाकतो.

गोष्ट नव्वदीच्या दशकाच्या शेवटाकडची. यवतमाळला माझं टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं आणि जुने आठ-बिटी कम्प्युटर जमवण्याचा नाद नुकताच लागला होता. तेव्हा लोक नवे कम्प्युटर घ्यायच्या मागे होते आणि दहा वर्षांपूर्वीचे, कीबोर्डमध्येच सगळं यंत्र असलेले जुने कम्प्युटर रद्दीवाल्याला देत होते. मी ते आणायचो, साफ करायचो, चालू करायचो आणि वापरायचोही. नुसतं मांडून ठेवणं मला कधी पटलं नाही. एका वर्तमानपत्राच्या वाचकांच्या सदरात मी चार ओळींचं पत्र लिहिलं: जुना कम्प्युटर असेल तर फेकू नका, मला कळवा. खाली दुकानाचा पत्ता.

डिसेंबरात एक पोस्टकार्ड आलं. अक्षर शिक्षकाचं, एकसारखं, ओळी सरळ. "आमच्या शाळेत दोन कम्प्युटर आहेत. अकरा वर्षांपासून खोलीत बंद आहेत. येत्या सोमवारी साहेब येऊन त्यांना निकामी ठरवणार आहेत. ते चालतात की नाही हे आजपर्यंत कोणीही पाहिलेले नाही. आपण येऊन पाहाल काय?" खाली सही: कुसुम भगत, गणित शिक्षिका. आणि नार्नूरच्या अलीकडच्या एका गावाचा पत्ता, जिल्हा आदिलाबाद.

"कोणीही पाहिलेले नाही" हे वाक्य मी तीनदा वाचलं. न पाहताच निकामी? शनिवारी सकाळी दुकानाला कुलूप लावलं आणि निघालो. खोटं कशाला बोलू, मनात रागाइतकाच लोभही होता. शाळांना तेव्हा सरकारी योजनेतून मिळालेली ती विलायती बनावटीची यंत्रं, क्रीम रंगाची, वर लाल बटणांची ओळ असलेली, मला कुठंच मिळाली नव्हती. निकामी ठरवली तर निदान मला तरी मिळतील, हा हिशेब बॅग भरतानाच मनात चालू होता.

पहिला दिवस: यवतमाळ ते उटनूर

बॅगेत सोल्डरिंग गन, मीटर, स्क्रू-ड्रायव्हर, कपॅसिटरची डबी, वायरींचं भेंडोळं. दुसऱ्या पिशवीत स्वेटर आणि कानटोपी. आदिलाबादकडची थंडी चेष्टेत घेऊ नका. आपल्याकडं पहाटे पांघरूण पुरतं, तिकडं दुपारच्या सावलीतही हात खिशात जातात.

पांढरकवड्यापर्यंत आपली एसटी, तिथून हैदराबाद रस्त्यानं पैनगंगेचा पूल ओलांडला की आंध्र. (तेव्हा तेलंगण वेगळं झालं नव्हतं.) पूल ओलांडल्यावर शेतं तीच, कापूस तोच, वेचणाऱ्या बायांच्या डोईवरचे पदरही तेच, बदलतात त्या फक्त पाट्या. आदिलाबादच्या स्टँडवर बसच्या पाट्या तेलुगूत. वाचता येत नसेल तर लाजू नका, कोणालाही मराठीत विचारा, निम्मं शहर मराठी बोलतं. स्टँडसमोर नाश्त्याला 'टिफिन' म्हणतात. दोन इडल्या, उपमा आणि वर चहा, त्या वेळी दहा-बारा रुपयांत पोट गच्च.

उटनूरची गाडी गुडीहतनूरवरून हमरस्ता सोडते आणि इंद्रवेल्लीकडं वळते. तिथून पुढं साग सुरू होतो. हिवाळ्यात सागाची मोठी पानं रस्त्यावर पडलेली असतात आणि गाडी त्यांच्यावरून गेली की पापड मोडल्यासारखा आवाज येतो. नागोबाच्या जत्रेच्या दिवसांत या रस्त्यानं जाऊ नका, उभं राहायलाही जागा मिळत नाही. बाकी वर्षभर खिडकी मिळते.

माझ्या शेजारी कापूस विकून परतणारे एक शेतकरी होते. बॅगेला हात लावून म्हणाले, "यात काय हाय जी? लई जड दिसते."

"दुरुस्तीचं सामान. नार्नूरकडच्या शाळेतला कम्प्युटर पाहायला चाललोय."

"आमच्याकडल्या शाळंत कम्प्युटर हाय?" ते मागं वळून बायकोला म्हणाले, "आयकलं का? आपल्या इकडं कम्प्युटर हाय म्हनते." मग मला, "माही पोरगी त्याच शाळंत शिकली दहावीलोक. तिनं त कधी सांगतलं नाई."

सांगणार कशी बिचारी. तिला तरी कुठं ठाऊक असणार? पण हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

उटनूरला स्टँडजवळच्या लॉजवर उतरलो. खोली साधी, पांघरूण एकच. दुसरं मागून घ्यावं लागतं, आणि सकाळी गरम पाण्याची बादली हवी तर संध्याकाळीच सांगून ठेवावं लागतं.

दुसरा दिवस: वह्या

उटनूरहून सकाळच्या गाडीनं तासाभरात पोचलो. रस्ता अरुंद, समोरून जीप आली की दोघांपैकी एकानं मातीत उतरायचं. थांब्यावर कुसुमताई उभ्या होत्या. चाळिशीला टेकलेल्या, सुती पातळ, खांद्यावर शबनम. मी सात-आठ वर्षांनी लहान, म्हणून मी पहिल्या वाक्यापासून ताई म्हटलं आणि त्यांनी भाऊ.

"तुमी खरंच आले," त्या म्हणाल्या. "मले वाटलं, पोस्टकार्ड वाचून हसाल."

घर दोन खोल्यांचं. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, खाली पुस्तकांची फळी. ताईंची आई चुलीशी होती. आयुष्यभर दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचलेली बाई. बोटांची टोकं अजून फाटलेली. तिनं ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी आणि लसणाचा ठेचा वाढला. अशी अंबाडी मी पुन्हा कुठं खाल्ली नाही. वाढता वाढता ती सहज म्हणाली, "माही पोरगी कागदावर कम्प्युटर चालवते, भाऊ. दाखव न वं त्याईले."

ताईंनी फळीवरून वह्या काढल्या. सात वह्या. मी उघडल्या आणि जेवायचं विसरलो.

त्यात प्रोग्राम होते. पेन्सिलीनं, ओळींना क्रमांक घालून, पानामागून पान. पाढ्यांचे, व्याजाचे, त्रिकोणाच्या क्षेत्रफळाचे. आणि दोन वह्या आलेख-कागदाच्या. प्रत्येक चौकटीत आठ बाय आठ घरं, काही भरलेली, काही कोरी, आणि प्रत्येक ओळीपुढं एक आकडा. मी जरा वेळ पाहत राहिलो तेव्हा डोळ्यांपुढं आलं: ती मराठी अक्षरं होती. त्या यंत्रात आपलं स्वतःचं अक्षर तयार करायची सोय असते. आठ ओळींचे आठ आकडे दिले की ते अक्षर पडद्यावर उमटतं. या बाईनं अख्खी बाराखडी अशी आकड्यांत मांडून ठेवली होती.

"हे चालवून कधी पाहिलं?" मी विचारलं.

"कशावर पाहू?"

मग त्यांनी सांगितलं. शाळांना कम्प्युटर द्यायचं ठरलं तेव्हा प्रत्येक शाळेतून एक शिक्षक तीन आठवड्यांच्या प्रशिक्षणाला शहरात बोलावला होता. इथून कोणी जायला तयार नव्हतं. गणिताची नवी बाई म्हणून ताईंचं नाव टाकलं. वर्गात त्या एकट्याच बाई. तीन आठवडे त्या यंत्रापुढून उठल्याच नाहीत. शिकवणाऱ्यांनी जाताना माहितीचं पुस्तक बक्षीस दिलं. परत आल्या तोवर यंत्रं शाळेत पोचली होती. नारळ फुटला, मुलींनी पडद्याला हळद-कुंकू लावलं, फोटो निघाला. आणि त्याच संध्याकाळी त्या वेळच्या हेडमास्तरांनी खोलीला कुलूप घातलं.

"म्हने, पोरं हात लावतील, बिघडल त जबाबदारी कोनाची? मी म्हटलं, माही. लिहून देतो म्हटलं. नाई म्हनाले." ताईंनी वही मिटली. "चावी शिपायाकडं ठेवली, भाऊ. शिपायाकडं! जी शिकून आली तिच्या हाती नाई. काऊन, ते तुमी समजून घ्या."

मी समजलो. आईच्या फाटलेल्या बोटांकडं पाहून समजलो.

दर वर्षी शाळा उघडली की ताई अर्ज करायच्या. अर्जांच्या प्रती त्यांनी जपून ठेवल्या होत्या, अकरा अर्ज. उत्तरं दोनच. एकात लिहिलं होतं, विचार चालू आहे. दुसऱ्यात लिहिलं होतं, विचार झाला आहे. काय झाला ते नव्हतं.

दुपारी आम्ही आताच्या हेडमास्तरांकडं गेलो. जाधव सर, इथल्याच शेतकरी कुटुंबातले, मनानं भले आणि कागदाला घाबरणारे. अंगणात कापसाच्या ढिगाजवळ बाज टाकून बसले होते. खोली आत्ता उघडता का, एवढंच विचारलं तर त्यांचा चेहरा उतरला.

"उद्या साहेबाईपुढंच उघडू. मी आपल्या मनानं उघडलं आन् काई कमी भरलं त? माही दीड वर्ष रायली नोकरी."

"सर, उद्या ते न्यायलाच येऊन राह्यले," ताई म्हणाल्या. "उद्या पाहून काय फायदा?"

"फायद्याचं मी काई बोलत नाई, बाई."

परत येताना मी रस्ताभर बडबडत होतो. एखादी वस्तू वापरून झिजली, तर तिचं काम झालं. पण न वापरता मारून टाकलेल्या वस्तूचं काय? कोणाला जाब विचारायचा?

तिसरा दिवस: ग म भ न

साहेबांची जीप साडेअकराला आली. मागोमाग एक टेम्पो, आदिलाबादच्या एका भंगारवाल्याचा. हे पाहूनच माझं डोकं फिरलं. तपासणी व्हायची होती आणि न्यायला गाडी आधीच हजर!

साहेब कुठल्या कचेरीचे ते लिहीत नाही. हसतमुख माणूस, दख्खनी हिंदी, बोलण्यात जुन्या निजामी कचेरीचे शब्द. कुलूप उघडलं. आत दोन टेबलं, प्लास्टिकच्या खोळी, त्यांच्यावर बोटभर धूळ. एका यंत्राची खोळ उंदरांनी फाडली होती. आत घरटं, वायरी कुरतडलेल्या. ते गेलं होतं. दुसऱ्याची खोळ मात्र शाबूत. खोळ काढली तर आत क्रीम रंग नवाकोरा, लाल बटणं चकाकत होती, आणि पडद्यावर बोटानं लावलेलं वाळकं कुंकू.

साहेबांनी दारातूनच पाहिलं आणि फाइलमधून कागद काढला. "चलो, दस्तखत कर दो. दोनों नाकारा."

कागद भरलेला होता. तपासणी केली, दोन्ही यंत्रं निकामी आढळली, असं स्वच्छ लिहिलेलं. तारीख गेल्या गुरुवारची. गुरुवारी हा माणूस इथं आलाच नव्हता! तीन सह्यांच्या जागा: साहेबांची झालेली, हेडमास्तरांची, आणि विषयशिक्षकाची. जाधव सरांनी खाली मान घालून सही केली. ताईंनी पेन घेतलं नाही.

"साहेब, एकदा चालू करून पाहू द्या. हे भाऊ यवतमाळहून त्यासाठीच आले."

"अब क्या फायदा, मॅडम? ये पुरानी चीज़ है. अब तो नये कम्प्युटर आ रहे."

"पुराना कब हुआ, साहेब? किसीने एक दिन भी नहीं चलाया," मी म्हणालो. आवाज चढला होता माझा.

साहेबांनी माझ्याकडं नीट पाहिलं. मग घड्याळाकडं. जाधव सरांच्या घरी जेवणाची तयारी होती. "हम खाना खाके आते. तब तक देख लो."

करंट नव्हता. दुपारी एकला येतो, ताई म्हणाल्या. तोवर मी खोका उघडला, धूळ झटकली, चिपा दाबून बसवल्या. खिडकीच्या गजांना वर्गातली मुलं चिकटलेली. त्यांच्यातून वाट काढत एक बाई आली, कडेवर वर्षाचं मूल. "बाई, हाच का तो? आमी नारळ फोडला होता तवाचा?" आत येऊन ती पडद्याकडं पाहत राहिली. "कुंकू मीच लावलं होतं. सातवीत होतो. तुमी म्हनाल्या होत्या, उद्यापासून शिकवीन."

ताई तिच्याकडं पाहू शकल्या नाहीत. अकरा वर्षं म्हणजे काय, ते मला त्या मुलाच्या लोंबत्या पायांकडं पाहून कळलं. मी अर्जांच्या प्रती पाहिल्या होत्या, पण हे त्यांत नव्हतं.

दीडच्या सुमाराला पंखा फिरला. करंट आला. आणि इथं मी चूक केली, ती जुनी यंत्रं जमवणाऱ्यांनी लक्षात ठेवावी: इतकी वर्षं बंद असलेलं यंत्र कधीही एकदम चालू करू नये. मला हे पक्कं माहीत होतं. घाईत मी बटण दाबलं. दाबताक्षणी फाट असा आवाज आणि मागून पांढरा, जळका धूर. मुलं ओरडत पळाली. भंगारवाला दारातून म्हणाला, "हो गया. उठाऊँ?"

"हात लावू नको!" मी ओरडलो.

वीजपुरवठ्याच्या भागातला एक कपॅसिटर फुटला होता. यंत्राला त्यानं धोका नसतो. तो नुसता गाळणीचं काम करतो, तो काढून टाकला तरी यंत्र चालतं. ताईंनी टॉर्च धरला. मी तो तुकडा काढला, जागा पुसली, पुन्हा झाकण लावलं. "ताई, आता तुम्ही लावा."

त्यांनी बटण दाबलं. एक बारीक सूर निघाला, आधी खालचा मग वरचा, आणि काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली.

ताईंनी पदरानं हात पुसले, बसल्या, आणि वहीकडं एकदाच पाहून टाइप करायला लागल्या. बोटं अडखळत नव्हती. अकरा वर्षं ही बाई घरी पुठ्ठ्यावर काढलेल्या कीबोर्डवर बोटं फिरवत होती, हे त्यांनी नंतर सांगितलं. एका अक्षराचे आठ आकडे, मग दुसऱ्याचे. चार अक्षरं झाली. शेवटचं बटण दाबलं.

पडद्यावर ग आला. मग म. मग पुन्हा म. मग न.

खिडकीतून मुलं एका सुरात वाचायला लागली, "ग, म, म..." आणि थांबली. कोणी तरी हसलं.

ताई पुढं झुकल्या. "डोक्यावरची रेघ तुटायला पायजे. भ ची रेघ मी अखंड केली." वहीवर बोट ठेवलं. "दोनशे पंचावन्न नाई. दोनशे सात." आकडा बदलला.

ग म भ न.

मुलं आता जोरात वाचत होती. ताई रडत होत्या, पण आवाज नाही. मीही चष्मा पुसला. पण खरं सांगतो, त्या क्षणीही आनंदापेक्षा मला संतापच जास्त आला होता. ही चूक पहिल्याच दिवशी सापडली असती. एक आकडा! तो बदलायला या बाईला अकरा वर्षं थांबवलं, आणि थांबवणाऱ्याला कोणी कधी काही विचारलं नाही.

साहेब परत आले. पडदा पाहिला. मग म्हणाले, "अच्छा है. लेकिन मिसल ऊपर जा चुकी. अब क्या करें?" मिसल म्हणजे फाइल.

"लिहा ना, की चालतो!" मी म्हणालो.

त्यांनी मला बाहेर व्हरांड्यात नेलं. आवाज मऊ केला. "तुम शौकीन आदमी दिखते. तुमको चाहिए ना? कबाड़ में दिखा देंगे, तुम चुपके से ले जाओ. किसीका कुछ नुकसान नहीं."

दोन दिवसांपूर्वी मी हेच मनात धरून निघालो होतो. समोर हवी ती वस्तू, चालू स्थितीत, फुकट. मी लगेच नाही म्हटलं नाही. हे लिहायला लाज वाटते, पण मी गप्प राहिलो, चांगला मिनिटभर.

ताई दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. म्हणाल्या, "न्या तुमी, भाऊ. तुमच्याकडं निदान चालल तरी. इथं पुन्हा कुलूपच लागन."

त्या वाक्यानं मला हलवलं. "नाही ताई. हा तुमच्या शाळेचा आहे. मी नेला तर माझ्यात आणि कुलूप घालणाऱ्यात फरक काय?"

त्या आत गेल्या. टेबलावरचा कागद ओढला, विषयशिक्षकाच्या सहीच्या जागी सही केली नाही, तिथं मराठीत ठळक अक्षरात लिहिलं: "दोनपैकी एक यंत्र आज माझ्यासमोर व वर्गासमोर चालू झाले. निकामी म्हणणे खोटे आहे." मग त्याखाली सही, त्याखाली त्या दिवसाची तारीख.

साहेबांचं हसू गेलं. "मॅडम, तबादला हो जाता ऐसे काम से."

"होऊ द्या बदली," ताई म्हणाल्या. "लिहिलेलं खोडनार नाई."

टेम्पोत फक्त उंदरांनी खाल्लेलं यंत्र चढलं. जीप गेल्यावर जाधव सर ताईंजवळ आले, नजर जमिनीकडं. "बाई, तुमी लिवलं ते बरं केलं. मले नाई जमलं." आणि खिशातून खोलीची चावी काढून त्यांनी ताईंच्या हातात दिली. त्यांच्यावर रागवायचं मी तिथं थांबवलं. सगळ्यांवर रागवायला माणूस पुरत नाही.

परत, आणि नंतर

मंगळवारी त्याच रस्त्यानं उलटा आलो. तुम्ही जाणार असाल तर थंडीतच जा, सागाचा तो पट्टा उजेडात पार करा, आणि भेटतील त्यांच्याकडची भाकर नाही म्हणू नका. घरी आल्यावर बॅग उघडली तर सोल्डरिंग गन नव्हती. ती आणि कपॅसिटरची डबी मी ताईंकडं ठेवून आलो होतो.

मार्चमध्ये त्यांचं पत्र आलं. फेब्रुवारीपर्यंत रोज एक तास वर्ग चालला. मुलींनी स्वतःची नावं पडद्यावर आणली. मग वरून हुकूम आला: यंत्र सुरक्षिततेसाठी कचेरीत जमा करावे. सुरक्षिततेसाठी! आणि ताईंची बदली जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, बासरच्या बाजूच्या एका शाळेत. आईला एवढ्या लांब नेणं कठीण होतं, तेवढं एकच वाक्य तक्रारीचं. मी पाच कचेऱ्यांना पत्रं लिहिली. एकाचंही उत्तर आलं नाही. ते यंत्र पुढं कुठं गेलं, मला आजही माहीत नाही. कुठल्या तरी खोलीत खोळ घालून ठेवलं असेल.

जूनमध्ये शाळा उघडल्या तेव्हा मी माझ्या संग्रहातला एक कम्प्युटर खोक्यात भरला. सगळ्यात भारी नव्हता, पण सगळ्यात भरवशाचा होता. नांदेडवरून बासर जवळ पडतं. गोदावरीच्या अलीकडं देवळाच्या थांब्यावर उतरायचं, पुढं जीप. शाळा दोन खोल्यांची, करंट बरा. नवे हेडमास्तर आदबशीर माणूस. त्यांनी खोक्याभोवती एक फेरी मारली, मोठं रजिस्टर उघडलं आणि विचारलं, "बाई, याची नोंद कोणत्या सदरात घेऊ?"

"कोनत्याच नाई, सर," ताई म्हणाल्या. त्या तेव्हा वायर जोडत होत्या, वर पाहिलंही नाही. "हा शाळेचा नाई. हा माहा हाय. मी रोज घरून आनन, आन् रोज घरी नेईन."

आणि खरंच, तो साडेतीन किलोचा कम्प्युटर पिशवीत घालून ही बाई सहा वर्षं, निवृत्ती मागून घेईपर्यंत, रोज शाळेत घेऊन जात होती.